एकाच दावणीच्या दोन गाई

या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर आजवर राजकारण झाले, साहित्य झाले, अध्यात्मही पुष्कळ झाले. तेथे गोठ्यातील गोष्ट सांगावयास उभे राहिलेल्या वक्त्याकडे नगरवासी श्रोते जरा कौतुकाने पाहणार, हे आम्ही जाणून आहोत. शहरातील माणसाचा गाईशी संबंध आता सकाळच्या दुधाच्या पिशवीपुरता उरला आहे. परंतु त्या पिशवीमागे एक मोठा इतिहास उभा आहे. जनावर पाळावयाचे तर ते दुधासाठी निवडावे की निरोगीपणासाठी, आणि दोन्ही गोष्टी एकाच दावणीला नांदू शकतात की नाही, हा त्या इतिहासाचा प्रश्न आहे. तो आम्हांला पुस्तकात भेटला नाही. प्रथम घरीच भेटला.

आमच्या लहानपणी वडिलांनी कर्ज काढून एक संकरित गाय आणली. काळीपांढरी, भरल्या कासेची, आणि दोन्ही वेळचे मिळून गावात कोणाच्या घरी नव्हते इतके दूध देणारी. तिच्याच शेजारी दावणीला आमची जुनी गावठी गाय बांधलेली असे. तिचे दूध घरच्या चहालाही जेमतेम पुरे. दुसऱ्या पावसाळ्यात नव्या गाईला सणकून ताप भरला, तिने वैरण सोडली, तिची लघवी काळ्या चहासारखी होऊ लागली, आणि चौथ्या दिवशी ती गेली. तिच्या कासेवर आणि मानेवर गोचीड होते. जुन्या गाईच्या कानामागेही गोचीड होतेच, पण ती शांतपणे रवंथ करीत बसली होती. आजी म्हणाली, "परक्या मुलखाची लेक ती, तिला इथलं पाणी सोसलं नाही." गाय गेली तरी कर्जाचे हप्ते पुढे तीन वर्षे चालूच राहिले. एकच गोठा, एकच वैरण, तेच गोचीड. मग एक गाय मेली आणि दुसरी जगली, असे का व्हावे?

पुढे वाचन वाढल्यावर असे दिसून आले की नेमका हाच प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेतील शेतकऱ्यांना पडला होता. तेथील यादवी युद्ध १८६५ साली संपले. टेक्सास प्रांतात लांब शिंगांची लाखो जनावरे माजली होती, तर उत्तरेकडील शहरांत मांसाला मोठा भाव होता. तेव्हा गुराखी हे कळप उत्तरेकडे हाकीत नेऊ लागले. ही टेक्सासची जनावरे दिसायला धडधाकट असत. परंतु ज्या कुरणातून ती जात, त्या कुरणातील स्थानिक गाई काही आठवड्यांनी तापाने पडू लागत. त्यांची लघवी लाल होई आणि कळपच्या कळप आडवे होत. १८६८ साली इलिनॉय आणि इंडियाना या प्रांतांत असा मोठा हाहाकार उडाला. पाहुणा ठणठणीत आणि यजमान मृत्युपंथाला, असे हे विलक्षण दुखणे होते. त्याला नाव पडले 'टेक्सास ताप'. कित्येक प्रांतांनी दक्षिणेकडील गुरांना सीमा बंद केल्या. कोठे कोठे बंदुकाही निघाल्या.

शेतकरी म्हणत होते की हे सारे गोचिडांमुळे होते. विद्वानांना ते हास्यास्पद वाटे. अखेर १८८४ साली स्थापन झालेल्या सरकारी पशुखात्यातील थिओबाल्ड स्मिथ, किलबोर्न आणि कूपर कर्टिस या संशोधकांनी १८८९ पासून शेतातच प्रयोग मांडले. एका कुंपणात दक्षिणेची गोचीडवाली जनावरे उत्तरेच्या गुरांबरोबर ठेवली. दुसऱ्या कुंपणात तशीच जनावरे ठेवली, पण त्यांच्या अंगावरील गोचीड हातांनी वेचून काढले. तिसऱ्यात दक्षिणेचे एकही जनावर न ठेवता केवळ गोचीड पसरले. पहिल्या आणि तिसऱ्या कुंपणात ताप आला; दुसऱ्यात आला नाही. रोगाचे सूक्ष्म जंतू तांबड्या रक्तपेशींत राहतात, गोचिडाची मादी ते अंड्यांतून आपल्या पिलांना देते आणि ती पिले नव्या गुरांना चावतात, हा सगळा मार्ग उलगडला. १८९३ साली स्मिथ आणि किलबोर्न यांनी तो प्रसिद्ध केला. आपल्या देशात सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांनी हिवतापाचे जंतू डासाच्या पोटात पाहिले ते १८९७ साली, म्हणजे यानंतर चार वर्षांनी. गुरे राखणाऱ्या अडाणी समजल्या गेलेल्या माणसांचे निरीक्षण असे खरे ठरले.

आता येथे एक बारकावा ध्यानात घेतला पाहिजे, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर उभे आहे. टेक्सासची ती लांबशिंगी जनावरे का वाचत होती? त्यांचा वंशच निराळा म्हणून? तसे नव्हते. ती स्पॅनिश लोकांनी आणलेल्या बिनवशिंडाच्या युरोपीय गुरांचीच संतती होती. ती वाचत, कारण गोचीड असलेल्या मुलखात जन्मलेल्या वासराला हा रोग कोवळ्या वयातच जडतो. त्या वयात तो सौम्य असतो, आणि एकदा सोसला की पुढे संरक्षण राहते. गोचिडाचे नाव नसलेल्या मुलखात वाढलेली गाय मोठेपणी प्रथमच त्याला सामोरी जाते आणि मरते. याला आपण बाळपणीची कमाई म्हणू. ही कमाई ज्याची त्याने करावयाची असते. आईबापांकडून ती वारसाहक्काने मिळत नाही.

परंतु दुसरीही एक शक्ती असते, आणि ती मात्र रक्तातून उतरते. तिच्या शोधासाठी अमेरिकेला आपल्याकडे यावे लागले.

वशिंडाची गुरे माणसाने माणसाळविली ती सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी, बलुचिस्तानातील मेहरगडच्या परिसरात, असे उत्खननावरून मानले जाते. दक्षिण आशियातील गोचीड आणि ही गुरे हजारो वर्षे एकमेकांच्या संगतीत वाढली. ज्या जनावरांना गोचीड सोसले नाहीत ती मेली; ज्यांना सोसले त्यांची प्रजा वाढली. ही निवड कोणा पंडिताने केली नाही, काळाने केली. या गुरांची कातडी सैल आणि थरथरविता येणारी, केस आखूड आणि गुळगुळीत, घामाच्या ग्रंथी मोठ्या. स्वतःचे अंग चाटण्याची त्यांना सवय असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गोचिडाचे पिलू चावले की त्या जागी कातडीत अशी प्रतिक्रिया उठते की पिलाला धड रक्त पिता येत नाही. युरोपीय गाईच्या अंगावर चढलेल्या शंभर पिलांपैकी दहा-वीस तरी पोट भरून खाली पडतात. वशिंडाच्या गाईवर सामान्यतः एखाद-दुसरेच. आमच्या गावठी गाईच्या कानामागे गोचीड होते खरे, पण ते किती थोडे होते, हे आम्ही त्या वेळी मोजले नव्हते.

अमेरिकेत ही गुरे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तुरळक येऊ लागली. १८५४ साली लुइझियाना प्रांतातील रिचर्ड बॅरो या मळेवाल्याला इंग्रज सरकारने दोन भारतीय वळू भेट दिले. कापूस आणि ऊस यांच्या लागवडीबाबत त्याने केलेल्या साहाय्याची ती परतफेड होती. त्या वळूंची संकरित संतती उष्ण, दलदलीच्या मुलखात तग धरते, हे लोकांनी पाहिले. मग १९०६ साली टेक्सासचा बोर्डन नावाचा गृहस्थ स्वतः हिंदुस्थानात येऊन पन्नासच्या आसपास जनावरे घेऊन गेला. पुढे 'ब्रह्मन' या नावाने अमेरिकेत जी जात प्रसिद्धीस आली, तिच्यात काँक्रेज, ओंगोल आणि गीर यांच्याबरोबर 'कृष्णा व्हॅली' या जातीचेही रक्त मानले जाते. ही जात दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानिकांच्या आश्रयाने, कृष्णेच्या काळ्या चिकण जमिनीत जड औत ओढण्यासाठी तयार झाली. कृष्णाकाठची ही जनावरे आज तिच्या मूळ मुलखात मोजकीच उरली आहेत, आणि तिचा अंश टेक्सासच्या कुरणात चरतो आहे. 'किंग रँच' या प्रचंड मळ्यावर ब्रह्मन आणि शॉर्टहॉर्न यांच्या संकरातून सांता गर्ट्रूडिस ही जात निपजली. १९२० साली जन्मलेला 'मंकी' नावाचा वळू तिचा मूळपुरुष होय. १९४० साली तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. ब्राझीलमध्ये तर याहून मोठे परिवर्तन झाले. तेथील आजच्या गोधनाचा फार मोठा भाग वशिंडाचा आहे, आणि त्यांतील प्रमुख जातीचे 'नेलोर' हे नाव आपल्या आंध्रातील नेल्लोरवरून पडले आहे.

येथवर ऐकून श्रोत्यांची छाती फुगली असेल, तर पुढची हकीकतही ऐकली पाहिजे. रोगाला दाद न देणारे जनावर पुष्कळदा रोग बरोबर घेऊन हिंडते. बोर्डनने नेलेली गुरे न्यूयॉर्कजवळच्या बेटावर तपासणीसाठी अडकवून ठेवली असता त्यांच्यांत सर्रा या रोगाचे जंतू सापडले, आणि कित्येक जनावरे मारावी लागली. त्याहून भयंकर प्रकार १९२० साली घडला. ब्राझीलकडे निघालेली भारतीय गुरे वाटेत बेल्जियममधील अँटवर्प बंदरात उतरविली गेली, आणि त्यांच्याबरोबर बुळकांडीचा रोग उतरला. बेल्जियममधील गुरे पटापट मरू लागली. या धक्क्यानेच २८ राष्ट्रे एकत्र आली आणि २५ जानेवारी १९२४ रोजी पॅरिसमध्ये पशुरोगांविषयीची आंतरराष्ट्रीय कचेरी स्थापन झाली. आज ती जागतिक पशुआरोग्य संघटना म्हणून ओळखली जाते.

बुळकांडीचा उल्लेख आला म्हणून पुण्याची आठवण करणे प्राप्त आहे. गुरांच्या रोगांचे संशोधन करणारी हिंदुस्थानातील पहिली सरकारी प्रयोगशाळा १८८९ साली पुण्यातच निघाली. साथीच्या रोगांवरील प्रयोग वस्तीपासून दूर करावेत म्हणून १८९३ साली ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. तेथे एक गोष्ट स्पष्ट झाली. मैदानातील वशिंडाची गुरे बुळकांडीला बऱ्यापैकी तोंड देत, तर डोंगरी गुरे तिला लवकर बळी पडत. १९२० च्या दशकात एडवर्ड्स यांनी बुळकांडीचे विषाणू शेळीच्या अंगातून पुन:पुन्हा नेऊन त्यांचे बळ कमी केले आणि त्यांपासून लस तयार केली. ती लस मैदानातील देशी गुरांना उत्तम मानवे. परंतु तीच लस विलायती आणि संकरित गाईंना टोचली तर त्या आजारी पडत. त्यांच्यासाठी सशावर तयार केलेली अधिक सौम्य लस वापरावी लागे. म्हणजे टोचणाऱ्याने सुई उचलण्यापूर्वी जनावराचा वंश पाहावयाचा! १९५४ साली देशभर बुळकांडी निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. १९९५ नंतर तो रोग भारतात दिसला नाही, आणि २०११ साली साऱ्या जगातून तो नाहीसा झाल्याची घोषणा झाली. हे काम केवळ वंशाच्या काटकपणाने झाले नसते, आणि वंशाचे ज्ञान नसते तर केवळ लशीनेही ते इतक्या सुरळीत पार पडले नसते.

आतापर्यंतची निवड काळाने केली, किंवा अंदाजाने झाली. ती मोजून-मापून केली ती ऑस्ट्रेलियाने. तेथे गोचीड १८७२ च्या सुमारास जावा बेटाकडून आलेल्या गुरांबरोबर उत्तर किनाऱ्यावर उतरले आणि पुढे क्वीन्सलँड प्रांतभर पसरले. तेथील शेतकरी गुरांना सोमलाच्या पाण्यात बुचकळून काढीत. काही दशकांत गोचीड सोमलाला सरावले. मग डीडीटी आले. गोचीड त्यालाही सरावले. प्रत्येक नव्या औषधाची हीच कहाणी झाली. तेव्हा तेथील शास्त्रज्ञांनी विचार केला, की कीड मारण्याची धडपड एकीकडे चालू राहू द्या, पण दुसरीकडे किडीला थारा न देणारी गाईच का निपजवू नये? १९३३ साली तेथील वैज्ञानिक संशोधन मंडळाने अमेरिकेतून ब्रह्मन गुरे आणविली. १९५० च्या दशकात रॉकहॅम्प्टनजवळ बेलमाँट येथे संशोधनाचा मळा उभा राहिला.

त्या मळ्यावरील पद्धत इतकी साधी आहे की शाळकरी मुलालाही समजावी. जनावर उभे करावयाचे आणि त्याच्या एका कुशीवरील पोसलेले गोचीड मोजावयाचे. साधारण साडेचार ते आठ मिलिमीटर लांबीचे, म्हणजे दुसऱ्या दिवशी पोट भरून गळून पडणार तेवढेच. असे वारंवार मोजून वहीत लिहावयाचे. त्या वह्यांतून दोन गोष्टी निघाल्या. पहिली, गोचीड कमी धरण्याचा गुण बऱ्याच अंशी आईबापांकडून वासरांत उतरतो. तेव्हा निवड करून तो वाढविता येतो. दुसरी अधिक आश्चर्याची. हा गुण केवळ वशिंडवाल्यांचा मक्ता नाही. हेरेफर्ड आणि शॉर्टहॉर्न या विलायती रक्ताच्या कळपातही काही जनावरे अशी निघाली की ज्यांच्या अंगावर गोचीड टिकत नव्हते, आणि त्यांच्या निवडीतून बिनवशिंडाची पण गोचिडांना दाद न देणारी एक शाखा तयार करता आली. दुसरीकडे साहिवाल आणि लाल सिंधी यांचा जर्सीशी संकर करून दुधाळ जात घडविताना त्यांनी प्रत्येक पिढीत उन्हाची आणि गोचिडांची परीक्षा घेतली. तीत नापास झालेले जनावर, मग ते कितीही उमद्या घराण्यातील असो, पैदाशीतून बाद केले.

हाच धडा थंड मुलखातील नॉर्वेने निराळ्या मार्गाने गिरविला. अनेक देशांत वळूची निवड एकाच कसोटीवर होत आली: त्याच्या मुली दूध किती देतात? दूध वाढले, पण त्याबरोबर कासेची सूज, जिला आपले शेतकरी 'दगडी' म्हणतात ती, आणि गाभण न राहण्याची तक्रारही वाढली. नॉर्वेने १९७५ पासून देशभर प्रत्येक गाईच्या आजाराची आणि औषधोपचाराची नोंद ठेवण्यास आरंभ केला, आणि १९७८ पासून वळूच्या गुणांकनात कासेच्या निरोगीपणाला जागा दिली. तेथील गाईंनी दूध देणे सोडले नाही, आणि दगडीचे प्रमाण मात्र पुढील दशकांत खाली आले. ज्याची नोंद होते त्याचीच निवड होते, हा या प्रकरणाचा मथितार्थ होय.

आता आपल्या घरी येऊ. १९६० च्या दशकात देशात दुधाची मोठी टंचाई होती. त्या काळी संकरित गाईचा पुरस्कार करणाऱ्यांना आज काही लोक दोष देतात. तो दोष आम्हांला अन्यायाचा वाटतो. १९६७ साली मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे 'बाएफ' संस्था स्थापन केली, आणि संकरित गाय गरिबाच्या दारात नेली. तिच्या दुधावर कित्येक घरांतील मुले शिकली, कित्येक मुलींची लग्ने झाली. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी आणि गीर या तिघांच्या संकरातून 'फुले त्रिवेणी' तयार केली, ती याच गरजेतून. चूक संकर करण्यात नव्हती. उणीव राहिली ती नोंदीत. सर्वसामान्य गोठ्यात दुधाचे लिटर लिहिले गेले. ताप किती वेळा आला, गोचीड किती धरले, वासरे किती जगली, हे लिहिले गेले नाही.

तशीच दुसरीही चूक टाळली पाहिजे. देशी गाय म्हणजे साक्षात आरोग्य, तिला रोग शिवतच नाही, असा एक भाबडा अभिमान हल्ली ऐकू येतो. २०२२ साली लम्पीची साथ आली तेव्हा देशात एक लाखाहून अधिक गुरे दगावली. त्यांत देशी गुरे पुष्कळ होती. ज्या रोगाशी वंशाची शतकानुशतकांची ओळख आहे, त्याच रोगापुरते हे काटकपण असते. नवा रोग आला की देशी-विदेशी हा भेद तो पाळीत नाही. इगतपुरी-अकोल्याकडची डांगी धो धो पावसात टिकते, माणदेशाची खिल्लार दुष्काळात टिकते. हे गुण खरे आहेत आणि ते जपलेच पाहिजेत. पण पूजा करून ते जपले जात नाहीत. मोजून, लिहून आणि निवडूनच जपले जातात.

आता नगरवासी श्रोत्यांनी काय करावे? त्यांच्या हाती गोठा नाही हे खरे. परंतु दुधाचा भाव त्यांच्या हाती आहे आणि मतही आहे. गावोगावच्या दूध संघाने लिटराबरोबर आजारांचीही नोंद ठेवावी, पैदाशीचा वळू निवडताना त्याच्या मुलींचे आरोग्य पाहावे, आणि असे काम करणाऱ्या माणसाला त्याचा मेहनताना मिळावा, ही मागणी शहरातून आली तर तिला वजन येईल. त्यासाठी लिटरामागे थोडे अधिक मोजावे लागले, तर ते महाग आहे असे आम्हांला वाटत नाही.

शेवटी आमच्या गोठ्याची राहिलेली हकीकत सांगून रजा घेतो. ती संकरित गाय मेली तेव्हा तिच्यामागे पाच महिन्यांची एक कालवड राहिली होती. तीही जाणार असे सर्वांनी धरून ठेवले होते. ती गेली नाही. तिला एकदा बारीक ताप येऊन गेला, आणि नंतर त्याच गोठ्यात, त्याच गोचिडांत ती वाढली आणि बारा वर्षे जगली. तिच्याच दुधावर ते कर्ज फिटले. आजीच्या बोलण्यात अर्धे तथ्य होते तर. आई परक्या मुलखातून आली होती, मुलगी याच गोठ्यात जन्मली होती. परंतु त्या कालवडीत बाळपणीची कमाई किती आणि रक्ताची देणगी किती, हे आज आम्ही सांगू शकत नाही. वडिलांची वही आमच्याजवळ आहे. तिच्यात सकाळ-संध्याकाळचे दूध तारीखवार, सुरेख अक्षरात लिहिलेले आहे. त्याशिवाय दुसरे काही लिहिलेले नाही.